पूर मराठवाड्यात, वर्गणी उसावर: आपत्तीचा पैसा कुणाच्या खिशातून?

हिशोबी
मराठवाड्यातल्या पुरानंतर, सप्टेंबर 2025 च्या अखेरीस राज्य सरकारची 2025-26 च्या ऊस गाळप हंगामाची बैठक झाली. त्यात ठरलं की कारखान्यांनी उसाच्या टनामागे 15 रुपये द्यायचे, 10 मुख्यमंत्री सहायता निधीला आणि 5 पूरग्रस्तांना. ओरड झाली तेव्हा खुलासा आला की हे शेतकऱ्याच्या एफआरपीतून (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून) नाही, कारखान्याच्या नफ्यातून आहे. आठवड्याभरात 31,628 कोटींचं पॅकेजही जाहीर झालं.

15 रुपये जास्त की कमी, या वादात मला पडायचं नाही. पूर किंवा दुष्काळ आता दर एक-दोन वर्षांनी येणार हे धरूनच चालावं लागेल. मग बैठकीत ठरलेली वर्गणी कशाला? विधिमंडळात मंजूर झालेला कर लावा. कर म्हटला की दर लिहावा लागतो, मुदत लिहावी लागते, जमाखर्च अर्थसंकल्पात दाखवावा लागतो आणि सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगला तो तपासता येतो. सहायता निधी अर्थसंकल्पाबाहेरचा, तिथे कुठला आमदार काय विचारणार?

महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलेलं आहे. 1972 च्या दुष्काळातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्यासाठी 1975 ला व्यवसाय कर आला. पगाराच्या स्लिपवर 'पीटी 200' आणि फेब्रुवारीत 300 दिसतात ना, तेच ते. बागायती जमिनीवरही रोहयोचा उपकर बसला, आणि जमेइतकीच रक्कम सरकारने स्वतः घालायची असं ठरलं. मुंबईतला कारकून माणदेशात खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी भरत होता, आणि ते कायद्यात लिहिलेलं होतं.

उलट उदाहरणही आपलंच आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे 2 रुपये अधिभार लागला. पाऊस आला, अधिभार गेला नाही. एप्रिल 2017 पर्यंत पेट्रोलवर तो 9 रुपयांवर पोचला होता. दुष्काळ कधीच संपला होता.

पंचगंगाकाठ
'कारखान्याच्या नफ्यातून' हे वाचून आमच्या पारावर लोक हसले. सहकारी कारखान्याचा नफा म्हणजे काय हो? सभासद आम्हीच. एफआरपी दिल्यावर जे उरतं त्यातनं दुसरा हप्ता निघतो, तो आधीच रडतखडत. आता त्यातनं 15 गेले की आमचेच गेले. 2025-26 च्या हंगामाला एफआरपी 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये आणि साखरेचा किमान विक्री दर 2019 पासून किलोला 31 रुपयांवर अडकलेला. मग नफा येणार कुठनं? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्याने द्यायचे टनाला 10 रुपये आहेतच.

दुसरं. 2019 ला आणि 2021 ला आम्ही गळ्यापर्यंत पाण्यात होतो. तेव्हा विदर्भातल्या संत्र्यावर किंवा जळगावच्या केळीवर कुणी पाच रुपये बसवले नव्हते. मराठवाड्याला मदत करायला आमची ना नाही, गावातनं चारा भरून ट्रक गेलेत. पण मदत वेगळी आणि कपात वेगळी.

कोथरूडकर
पंचगंगाकाठ, तुमची तक्रार समजते, पण शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर शून्य आहे हेही सांगा की. शंभर टन ऊस घालणारा गरीब असेल, हजार टनवाला नाही. आम्ही पगार हातात पडायच्या आधी टीडीएस देतो, मग पीटी, मग किराण्यापासून गाडीच्या विम्यापर्यंत जीएसटी. आणि आता हिशोबी म्हणतात नवा कर लावा. तो लागणार कुणावर? ज्याचं पॅन-आधार जोडलेलं आहे त्याच्यावर. दुष्काळात तेरावा महिना आमच्याच घरी.

पीटीचं कौतुक चाललंय म्हणून एक प्रश्न. 2008 पासून राज्यभर मनरेगा, म्हणजे केंद्राची रोजगार हमी योजना, लागू झाली आणि तिच्यातल्या अकुशल मजुरीचे पैसे 2025 पर्यंत केंद्र देत आलं. तरी माझा पीटी कापला जातोच. म्हणजे कायद्याने लावलेला करही कायमचाच झाला ना? मग 2015 च्या अधिभारात आणि त्यात फरक काय राहिला?

हिशोबी
मुद्दा बिनतोड आहे. फरक मुदतीच्या कलमाचा. 2018 च्या महापुरानंतर केरळने 1 टक्का पूर उपकर लावला. 1 ऑगस्ट 2019 ला सुरू, 31 जुलै 2021 ला बंद. 5 टक्के जीएसटीच्या वस्तू वगळल्या होत्या, सोन्यावर पाव टक्का होता. दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, मध्ये कोविड येऊनही.

आकडेमोड
थोडी तांत्रिक भर घालतो, नाहीतर चर्चा हवेत जाईल.

राज्याला वाटलं आणि उपकर लावला, असं जीएसटी आल्यापासून होत नाही. आपत्तीसाठी ठरावीक मुदतीचा विशेष दर ठेवायची सोय घटनेच्या कलम 279अ मध्ये आहे, पण शिफारस जीएसटी परिषदेची लागते. केरळलाही त्याच दारातून जावं लागलं. पीटी वाढवावा म्हटलं तर घटनेनेच वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातलीय, ती 1988 पासून तिथेच आहे. तेव्हाचे 2,500 आणि आताचे 2,500 यात किती अंतर पडलं ते कोथरूडकरांनीच मोजावं. लाखभर पगारवाला आणि 11 हजारवाला पुरुष कामगार, दोघेही तेवढाच पीटी भरतात. अन्याय म्हणायचाच तर तो हा. शेती उत्पन्नावर कर लावायचा अधिकार मात्र पूर्ण राज्याचा आहे. लावणार कोण? मतपेटीकडे बघून सगळे पक्ष गप्प.

म्हणून राज्याच्या हातात राहतं काय, तर इंधन, दारू, मुद्रांक शुल्क आणि अशा वर्गण्या. उसाचा टन वजनकाट्यावर येतो, मोजला जातो. वसुलीला सोपा, म्हणून ऊस.

रोखठोक
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लाडक्या बहिणीला 2025-26 च्या अर्थसंकल्पात 36,000 कोटी आहेत. अख्खं पूर पॅकेज 31,628 कोटींचं. एक वर्ष योजना थांबवा, ना कर लागेल ना वर्गणी.

गेवराईकरीण
थांबवा म्हणणं सोपं आहे. आमच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा ज्वारीची कणगी भिजली, चुलीपाशी गुडघाभर चिखल होता. पंचनामा झाला, यादीत नाव आलं, मग ई-केवायसी, मग बँकेत आधार जोडलेलं नाही असं कळलं. त्या सगळ्या काळात खात्यावर जे आले ते लाडक्या बहिणीचे पंधराशेच. त्यातून पीठ आणलं, पोराच्या तापाचं औषध आणलं. तुमच्या भाषेत ती रेवडी असेल. पुराची मदत सातबारा ज्याच्या नावावर त्याला. माझ्या नावावर काय आहे? आणि जी मजुरी करते तिचं पीक नाही गेलं, तिचा हंगाम गेला. कापूस वेचणीचे पैसे बुडाले त्याचा पंचनामा कोण करतं?

रोखठोक
ताई, तुमच्याबद्दल बोलत नव्हतो. अपात्र लोकांबद्दल होतं.

गेवराईकरीण
'एक वर्ष योजना थांबवा' असं लिहिलंय वर. त्यात मी येते.

सीनाकाठचा
कर कुणी भरायचा यावर एवढं चाललंय, तर पैसा पोचतो कसा तेही ऐका. मी परांडा तालुक्यातला.

कोरडवाहूला हेक्टरी 18,500 म्हणून पेपरात आलं. त्यातले 8,500 हे एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या) नेहमीच्या निकषाचे, वरचे 10,000 रब्बीच्या बियाण्या-खताला. मूळ नुकसानीचे 8,500 म्हणजे गुंठ्याला 86 रुपये. एसडीआरएफमधला 75 टक्के वाटा केंद्राचा, त्यामुळे 31,628 मध्ये राज्याने नवे किती घातले हे कुणीतरी फोड करून सांगा. विम्याचे आणि मनरेगाचे पैसेसुद्धा त्याच आकड्यात धरलेत.

आणि मनरेगाचं तर वेगळंच. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि 3 लाखांपर्यंत मनरेगातून, असं जाहीर झालं. ऐकायला झकास. आमच्या दोन एकरांत आता मुरूम दिसतो, काळी माती नदीने नेली. ती परत टाकायची तर तलावातला गाळ जेसीबीने काढून ट्रॅक्टरने आणावा लागतो. मनरेगाच्या 2025 मधल्या नियमांत 60 टक्के मजुरी आणि 40 टक्के साहित्य, ठेकेदार चालत नाही, मजुराचं काम यंत्राने केलेलं चालत नाही. घमेल्याने माती टाकून हेक्टर कधी भरायचा? नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, मजुराला काम मिळावं म्हणूनच तो आहे. पण आमच्या कामाला तो बसत नाही, आणि घोषणा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं वाटत नाही.

पंचनाम्याच्या कागदावर पिकाचा रकाना होता, क्षेत्राचा होता, नुकसान 33 टक्क्यांच्या वर की खाली तो होता. वाहून गेलेल्या ठिबकच्या नळ्या आणि स्टार्टरच्या पेटीला रकाना नव्हता. 'शेऱ्यात लिहितो' म्हणाले. शेरा कोण वाचतं?

सवलतींत जमीन महसुलात सूट आहे म्हणे. आमचा शेतसारा आहेच किती! कर्जवसुलीला स्थगिती आणि पुनर्गठन आहे, म्हणजे व्याज चालू आणि तारीख पुढे.

माळरान
या सगळ्यात साधा मार्ग कुणीच बोलत नाही. वाहून गेलेली माती, पूल, विहिरी हे वर्षाचे खर्च नाहीत. ते वीस वर्षांसाठी दुरुस्त होणार आहे, मग पैसा एकाच हंगामात का गोळा करायचा? कर्ज काढा, सावकाश फेडा. मंदीत किंवा आपत्तीत कर वाढवणं म्हणजे पडलेल्याच्या खांद्यावर पोतं. मे 2020 मध्ये केंद्राने पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये अबकारी वाढवली, तीही लोकांचे पगार कापले जात असताना. कच्चं तेल स्वस्त झाल्याचा फायदा ग्राहकाला मिळालाच नाही. तीच चूक पुन्हा?

आणि वेळ बघा. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर खाली आले, गाड्या-टीव्ही स्वस्त झाले, त्याच आठवड्यात सीना पात्राबाहेर होती. केंद्र एका हाताने कर सोडतंय आणि राज्य उसावर 15 रुपये शोधतंय.

आकडेमोड
राज्यावरचं कर्ज 2025-26 च्या अंदाजात 9 लाख कोटींच्या पुढे आहे. सकल उत्पन्नाच्या प्रमाणात ते अजून आटोक्यात आहे हे मान्य, त्यामुळे काढता येईल. पण नवं कर्ज माती टाकायला जाईल की जुन्या घोषणांच्या हप्त्यांना, याची हमी कोण देणार? कर्जालाही मुदतीचं आणि कारणाचं कलम लागतंच. हिशोबींची अट तिथेही लागू आहे.

पंचगंगाकाठ
माझं शेवटचं. कर लावा, मी विरोध करणार नाही, पण तीन गोष्टी करा. टनावर न लावता साखर, इथेनॉल आणि दारूच्या विक्रीवर लावा, म्हणजे खाणारा-पिणाराही देईल. पाच एकरांच्या आतल्याला वगळा. आणि पुढच्या वेळी पंचगंगा वर आली की त्याच निधीतनं आम्हाला मिळेल असं लिहून द्या.

कोथरूडकर
साखर आणि इथेनॉल जीएसटीत आहेत, आणि तिथे राज्याला आपल्या मनाने उपकर लावता येत नाही हे आकडेमोड यांनी वर सांगितलंच. राहिली दारू, आणि तिच्यावर कर बसतच असतो.

मुदतीच्या कलमावर मात्र माझा विश्वास बसत नाही, हिशोबी. जीएसटी भरपाई उपकर पाच वर्षांचा होता, जून 2022 ला संपायचा. कोविडमध्ये राज्यांना भरपाई द्यायला कर्ज काढलं आणि ते फेडायला उपकराची मुदत मार्च 2026 पर्यंत नेली. कायद्यात मुदत होतीच की! जिथे मुदत लिहिता येते तिथे ती वाढवताही येते. केरळला जमलं ते एकदाच. इथे दर दोन वर्षांनी पूर येणार असं तुम्हीच वर म्हणालात. मग तुमचा दोन वर्षांचा कर संपणार कधी, ते सांगा.