फॉर्म गेलेल्याला खेळवावं की बसवावं? तुमचे अनुभव लिहा

थर्डमॅन
काल भाचा तावातावाने भांडत होता, कोणाला संघातून काढा आणि कोणाला अजिबात हात लावू नका. त्याचं ऐकता ऐकता मला २००६ चा मार्च आठवला. वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची कसोटी, मी स्टँडमध्ये. सचिन १ धाव काढून बाद झाला आणि परत येताना आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मुंबईत! शेजारचे एक काका सकाळपासून 'आज शंभर नक्की' म्हणत होते, सगळ्यात मोठ्यांदा तेच ओरडले.
माझं मत विचाराल तर नावावर थोडी उधारी मिळायला हरकत नाही, पण किती ते आधी ठरवा. नवीन पोराला दोन डावांत घरी पाठवता, मग थोरल्यांना दोन-दोन वर्षं का? असो. टीव्हीवरचं सगळ्यांनाच ठाऊक आहे. स्वतः खेळताना, संघ निवडताना, बाकावर बसून काय पाहिलंत ते लिहा.

नाइट वॉचमन
ऑफिसची टीम. साहेब सलामीला. फॉर्म जायला आधी यावा लागतो, हे त्यांना सांगणार कोण? गार्ड घ्यायला दोन मिनिटं, मग क्षेत्ररक्षण न्याहाळणार, ग्लोव्हज काढून परत घालणार, अंपायरला थांबवून साइटस्क्रीनकडे हात करणार (साइटस्क्रीन नव्हतीच). पहिला चेंडू सरळ, दांडी गुल. वन डाउनला मी, म्हणून पॅड बांधून उभाच असायचो, बसायची सवयच मोडली.

कडेची_कड
नाइट वॉचमन, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पण अप्रेजलच्या महिन्यात अंपायर नो बॉल देत असेल की :)

नाइट वॉचमन
दिलाय.

मिड_ऑन
हुर्यो उडवली खरी, पण त्या मालिकेनंतर लगेच सचिनच्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली हेही लिहा ना. आपण 'फॉर्म गेला' म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा खांदा, कोपर किंवा पाठ गेलेली असते आणि खेळणारा बोलत नाही, कारण बोलला की जागा जाते.

यष्टीमागून
विद्यापीठाच्या संघात मी यष्टिरक्षक, पाचव्या नंबरला फलंदाजी. एका मोसमात काहीच लागेना. नेटमध्ये सगळं झकास, सामन्यात पाय हलायचेच नाहीत. बॅट बघितली की कळायचं, लाल डाग मधोमध नव्हतेच, सगळे कडेला. एका सकाळी फलकावर यादी लागली, त्यात माझं नाव नाही. कोणी एक शब्द बोललं नाही, ना आधी ना नंतर. वगळल्याचं दुःख कमी होतं, न सांगितल्याचं जास्त. मैत्रिणींनी दिवसभर माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, ते तर असह्य!
म्हणून २०२५ च्या महिला विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जला इंग्लंडविरुद्ध बसवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. दोनदा शून्यावर गेली होती, मान्य. पण पुढच्याच सामन्यात परत आणली, तीही तिसऱ्या क्रमांकावर. न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ आणि मग उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७. बसवायचं असेल तर असं बसवा, दार उघडं ठेवून.

जुना_स्कोअरर
ताई, बॅटवरच्या डागांचं अगदी खरं. (फोनवरून टंकतोय, सांभाळून घ्या.)

आकडेमोड
घ्या आकडे. कोहली, इंग्लंड दौरा २०१४: दहा डावांत १३४. तोच दौरा २०१८: ५९३. पहिल्यानंतर कायमचं काढलं असतं तर दुसरा आकडा आलाच नसता.
आता दुसरी बाजू. करुण नायर, चेन्नई २०१६, नाबाद ३०३. पुढच्याच कसोटीत बाहेर, कारण रहाणे तंदुरुस्त होऊन परतला. २०१७ मध्ये थोडे डाव मिळाले आणि पुढची कसोटी खेळायला २०२५ उजाडलं. त्रिशतकवाल्याची उधारी एवढीच?

थर्डमॅन
@आकडेमोड, हेच म्हणतोय मी.

कडेची_कड
कोहलीला ठेवला हे बरोबरच ठरलं, पण प्रत्येक गचाळ मालिकेनंतर लोक तोच २०१४ चा दाखला काढतात. सगळेच कोहली नसतात राव.

मिड_ऑन
मग वगळल्यामुळे सुधारलेले मोजा. गांगुली बाहेर गेला, डिसेंबर २००६ मध्ये जोहान्सबर्गला परत आला आणि नाबाद ५१. पुजारा २०२२ मध्ये बाहेर, इंग्लंडच्या ससेक्स काउंटीकडून ढीगभर धावा, त्याच उन्हाळ्यात एजबॅस्टनला परत. रहाणे २०२३ च्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ओव्हलवर ८९. बाकावर बसून कोणी मेलेलं नाही.

यष्टीमागून
त्यांना परतायला रणजी होती, काउंटी होती. आम्हाला पुढचा सामना थेट पुढच्या वर्षी.

जुना_स्कोअरर
बरीच वर्षं क्लबच्या सामन्यांत गुण लिहिले. हात गेलेला फलंदाज वहीत आधी दिसतो, मैदानात नंतर. रकान्यात टिंबंच टिंबं, मग एक चौका, तोही स्लिपच्या डोक्यावरून, की पुढच्या षटकात बाद. आमच्याकडच्या एका जाणत्या कप्तानाने असल्या काळात कव्हर ड्राइव्ह मारणंच सोडलं होतं. सचिनने सिडनीला २००४ मध्ये तेच केलं, नाबाद २४१. आमच्या कप्तानाच्या एकवीस झाल्या, पण आनंद तेवढाच झाला.
आणि अमोल मुझुमदार विसरू नका. मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६०, भारताकडून एकही सामना नाही. मधल्या फळीत सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण असताना जागा रिकामी व्हायची कधी? जेमिमाच्या त्या संघाचा प्रशिक्षक हाच.

कडेची_कड
+१. चांगले चौघे होते म्हणून थांबला, ते एक वेळ चालेल. वाईट चौघे असताना थांबवणं जास्त चीड आणतं.

लेगबाय_चार
सिडनी २०२५ वर कोणी बोलेना. रोहित कप्तान असून स्वतः बाहेर बसला. त्या मालिकेत पाच डावांत ३१. मला तरी पटलं. आमच्या सोसायटीचा कप्तान मात्र टॉस जिंकला की बॅटिंग, हरला की 'पाठ धरली'.

आकडेमोड
पटलं, पण शेवटच्या कसोटीला. आधीच्या दोन सामन्यांत तोच न्याय का नाही?

लेगबाय_चार
उशिरा का होईना. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

नवखी_आई
सगळं वाचून काढलं. अवांतर विचारते, मुलगा अकरा वर्षांचा, क्लबमध्ये जायला लागलाय. इंग्लिश विलो घ्यावी की काश्मिरी? आत्ताची बॅट त्याला जड होते, म्हणून धावा होत नाहीत म्हणतो.

जुना_स्कोअरर
लेदर बॉल असेल तरच इंग्लिश. आणि बॅट हलकी घ्या, मापाची घ्या, पुढे वाढेल म्हणून मोठी नको.

नाइट वॉचमन
नवखी_आई, आमच्या साहेबांनीही दोन बॅटा बदलल्या. दुसरी माझ्याकडे आहे, मधोमध एकही डाग नाही. हवी असल्यास कळवा.