मेजर, कर्ज मिळेल का?

धागा मांडणारा, खटाव तालुका

आमच्या खटाव-माणकडं फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात, मग तो शिपाई म्हणून सुटलेला असो की सुभेदार म्हणून. मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये 26 वर्षं भरून 2006 साली नायब सुभेदार म्हणून आलो आणि एस.टी.तून पाय खाली टाकल्याबरोबर मेजर झालो. पाच वर्षांनी माजी सैनिकांच्या पतसंस्थेचा चेअरमन झालो. पिठाची गिरणी, दोन म्हशी, पिक-अप, कोंबड्यांची शेड अशा कामांना आम्ही दोन जामीनदारांवर कर्ज देतो. बँकेत त्याच माणसाला कागदांच्या यादीनंच घाम फुटतो. फौजेतून या खुर्चीत बसलेल्यांनी लिहावं, त्यांच्या घरच्यांनी, हाताखालच्यांनी आणि कर्जदारांनीही लिहावं. नावं टाळा, गावं लहान असतात. पहिला मी लिहितो.

संस्थेची कल्पना निघाली फौजी कॅन्टीनच्या रांगेत. पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत सुटलेली पोरं, हातात ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे. कम्युटेशन म्हणजे आपल्याच पेन्शनचा एक भाग एकदम उचलायचा आणि पंधरा वर्षं तेवढी पेन्शन कमी घ्यायची. पोरांना ते बक्षीस वाटायचं. कुणी बंगल्याचा स्लॅब टाकायचा, कुणी पाहुण्याला उसने द्यायचा. जुन्या मंडळींनी ठरवलं, हा पैसा एकत्र ठेवू आणि आपल्यातल्याच धंदा करणाऱ्यांना देऊ.

सप्लाय डेपोत मी तेल-तांदळाचा हिशेब ठेवला. तिथं कागद जुळला म्हणून कुणी सोडत नाही, गोदामात पोती मोजावी लागतात. चेअरमन झाल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी सातला सोनेतारणाची तिजोरी उघडायला लावली. मॅनेजर म्हणाले, "साहेब, रजिस्टर बरोबर आहे." म्हटलं, रजिस्टर राहू द्या, पिशव्या काढा. बाहेरगावचा सराफ बोलावला होता. दोन दिवस लागले. एका पिशवीतल्या चार पाटल्या तांब्याच्या निघाल्या, वर नुसता मुलामा. तारण घेताना सोनं तपासून देणारा सराफ आमच्याच एका संचालकाचा चुलतभाऊ होता.

संचालक मंडळाच्या बैठकीत मी उभं राहून सांगितलं, उद्यापर्यंत रक्कम भरली गेली पाहिजे. कुणी चकार शब्द काढला नाही. फौजेत गप्प बसणं म्हणजे 'जी साहब'. इथं गप्प बसणं म्हणजे 'बघू'. पैसे यायला सात महिने लागले. आदेशाचा काही उपयोग झाला नाही. सराफाच्या सासऱ्याकडं चार वेळा जाऊन चहा प्यायलो, तेव्हा गाडं हललं.

आणखी एक. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो अशा दोस्ताला हायवेवर ढाबा टाकायला आठ लाख हवे होते. म्हटलं, रोज किती ताटं जातील, आचाऱ्याला किती देशील, मांडून दाखव. "मेजर, माझ्याकडं हिशेब मागतोस?" म्हणाला आणि उठून गेला. ढाबा त्यानं दुसरीकडून कर्ज काढून टाकला. झकास चालतोय, माझा अंदाज चुकला. हिशेब मात्र त्यानं अजून दाखवलेला नाही.

मॅनेजर, कोल्हापूर जिल्हा

आमचे चेअरमन मराठा लाइट इन्फंट्रीतले निवृत्त सुभेदार. आले त्याच आठवड्यात पावणेदहाला सगळ्यांची दारात उभ्यानं हजेरी सुरू झाली. आम्ही मागून हसायचो.

पिग्मीचं, म्हणजे एजंटानं रोज बाजारात फिरून गोळा करायच्या बचतीचं, प्रकरण झालं आणि आमचं हसू थांबलं. साहेब एका एजंटाबरोबर आठ दिवस बाजारात फिरले. भाजीवाल्या मावशी, चहावाला, चपला शिवणारे काका, प्रत्येकाला म्हणायचे, "पुस्तक दाखवा, आणि किती भरलेत ते आठवून सांगा." अकरा जणांच्या पुस्तकात आणि आमच्याकडच्या खात्यात फरक निघाला. एजंट पैसे घ्यायचा, पुस्तकात सही करायचा आणि आमच्याकडं त्यातले काहीच, तेही दोन-तीन दिवसांनी भरायचा. त्याची शीट रोज संध्याकाळी मीच जुळवायची. शीट जुळायचीच, कारण ती त्यानंच लिहिलेली.

साहेबांनी मला मेमो दिला. तसाच मेमो स्वतःच्या नावानंही काढला आणि दोन्ही बैठकीच्या इतिवृत्ताला जोडायला सांगितले. मी इतकी वर्षं सहकारात आहे, असं आधी पाहिलं नव्हतं.

तक्रारही लिहिते. इतिवृत्त लिहिण्याचा त्यांना भारी कंटाळा. "ठरलंय ना? मग झालं." लेखापरीक्षकांसमोर बसायची वेळ मात्र माझ्यावर येते.

चेअरमनची बायको, सांगली जिल्हा

मिस्टर सिग्नल्समध्ये होते. ते सीमेवर असताना जेवढी भांडणं झाली नाहीत, तेवढी पतसंस्थेनं घरात आणली.

माझ्या धाकट्या भावानं त्यांच्या संस्थेतून कर्ज काढून पोल्ट्री टाकली. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो अशी अफवा उठली, आठवत असेल. माल जागेवर पडून, खाद्याचा खर्च रोजचा. पुढं हप्ते थकले आणि थकबाकीदारांच्या यादीत भावाचं नाव आलं. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला मागायचा ठराव झाला, खाली सही ह्यांची. तो दाखला मिळाला की जप्तीची वाट मोकळी होते. त्यामुळं आमच्याकडं '101 लावला' हे शब्द शिवीसारखे ऐकू येतात.

हे म्हणाले, "मेहुण्याला सोडलं तर सभेत कुठल्या तोंडानं उभा राहू?" मी म्हटलं, "तुमची सभा वर्षातून एकदा, माझं माहेर बारा महिने." दोन वर्षं भाऊ भाऊबीजेला आला नाही. आईनं फोनवर विषय काढला की हे परसात जाऊन उभे राहायचे.

शेवटी संस्थेनं सगळ्याच पोल्ट्रीवाल्यांचे हप्ते लांबवून दिले, त्यात भाऊही बसला. हे आधी का केलं नाही, असं मी आजही विचारते. "आधी केलं असतं तर मेहुण्यासाठी केलं म्हणाले असते." उत्तर ठरलेलं. मला ते अजून पटत नाही.

नौदलातून, मालवण

मी चौदा महिन्यांत चेअरमनपदाचा राजीनामा दिला, तेव्हा माझा अनुभव उलटा. पण सगळ्यांनी चांगलंच लिहिलं तर धाग्याला काय अर्थ!

आमचे कर्जदार बहुतेक मच्छीमार. होडीचं इंजिन, जाळी, बर्फाची पेटी यांसाठी कर्ज. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत माणूस जाळी विणतो आणि उधारीवर जगतो. तरी हप्ता मात्र बाराही महिने सारखा. ऑगस्टात नारळीपौर्णिमा करून होडी पाण्यात लोटायची, तोवर अंगावर दंडव्याज चढलेलं.

मी ठराव मांडला: दहा महिन्यांचे हप्ते मोठे करा, जून-जुलै कोरे सोडा. मंडळानं मान डोलावली. सॉफ्टवेअरला मात्र दर महिन्याला हप्ता हवाच. कोऱ्या महिन्यात खातं लाल व्हायचं आणि थकबाकीचा आकडा फुगायचा. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला पैसे मागितले तर मंडळ म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. मी चिडलो. जहाजावर कप्तान एकच असतो, तसा बोललो. एका ज्येष्ठ संचालकांना सगळ्यांसमोर "तुम्ही गप्प बसा" म्हणालो. वडिलांच्या वयाचे होते. त्यानंतर माझा एकही ठराव पास झाला नाही आणि चूक माझी होती. हप्त्यांचं म्हणणं मात्र बरोबरच होतं, हे आजही कुठल्याही सभेत सांगेन.

वेल्डिंगवाला, नगर-पुणे रस्ता

माझ्या बाजूनं लिहितो. तीन लाख मागितले होते. चेअरमन फौजी, शेडवर आले, मोकळ्या डब्यावर दोन तास बसले. गिऱ्हाईक किती आलं, वीज किती वेळा गेली, सगळं वहीत लिहिलं. मंजूर झाले एक लाख ऐंशी हजार, तेही दोन टप्प्यांत. दुसरा टप्पा पहिल्याच्या पावत्या दाखवल्यावर. भर उन्हात पावत्या घेऊन तीन खेटे घातले. कर्ज फिटलं, दुकानही वाढलं. त्या खेट्यांचा राग आहेच.

एडिसन, न्यू जर्सी

इथला अनुभव थोडक्यात. डब्यांच्या धंद्यासाठी मी व्यावसायिक स्वयंपाकघर भाड्यानं घेतलं आणि एका ना-नफा कर्जसंस्थेकडे गेले. सरकारी लघुउद्योग खात्याची मायक्रोलोन योजना अशाच संस्थांमार्फत चालते, कमाल 50,000 डॉलर. तिथली प्रमुख इराकमध्ये राहून आलेली माजी सार्जंट. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर डबे कोण करणार?" मी गप्प. नणंदेचं नाव घातल्यावरच अर्ज पुढं सरकला. नणंदेला हे अजून माहीत नाही.

लेखापरीक्षक, पुणे

एक मुद्दा कुणीच काढला नाही. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. 'मेजर आहेत म्हणून ठेवले' असं सांगणारे ठेवीदार मला दर ऑडिटला भेटतात. हे तुम्ही त्यांना स्वतःहून सांगता का?

धागा मांडणारा

साहेब, प्रश्न वर्मी लागला. कर्जदारासमोर मी डेपोतला हिशेबनीस असतो आणि ठेवीदारासमोर नुसता मेजर. तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी मोठ्या अक्षरात बोर्ड लिहून घेतला आणि कॅश काउंटरच्या वर लावला. दोन संचालक रुसले. आठवडाभरात तिघांनी ठेवी काढल्या, देऊन टाकल्या.

मग एक आजी आल्या, वीरमाता आहेत. मुलाच्या मागं मिळालेल्या रकमेतला बराच भाग आमच्याकडं आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच बोर्ड वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तू कशाला हाईस हितं?"

मला उत्तर सुचलं नाही. परवा त्यांना गाडीत घालून तालुक्याच्या बँकेत नेलं आणि निम्मी रक्कम तिथं ठेवली. येताना रस्ताभर बोलल्या नाहीत. गाव आल्यावर एवढंच म्हणाल्या, पुस्तक तुझ्याकडंच ठेव.