संचित, प्रारब्ध, क्रियमाण : 'कर्म बदलतं' असं म्हणावं का?

प्रश्न : 'साधनेनं कर्म बदलतं' आणि 'प्रारब्ध भोगूनच संपतं' ही दोन्ही वाक्यं एकाच लेखात वाचली. दोन्ही एकदम खरी कशी? की क्रियापदच चुकलंय?

प्रतिसाद १ : दोन वाक्यांतलं 'कर्म' एक नाही, घोळ तिथेच आहे. संचित म्हणजे साठलेलं, अजून फळाला न आलेलं. प्रारब्ध म्हणजे ज्याचं फळ सुरू झालंय ते. क्रियमाण म्हणजे आत्ता केलं जात असलेलं ('क्रियामाण' लिहितात ते चूक). वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथात, ब्रह्मसूत्रात (४.१.१३) शब्द आहेत 'अश्लेष' आणि 'विनाश' : ज्ञान झाल्यावर पुढचं पाप चिकटत नाही, मागचं नष्ट होतं. 'बदल' कुठेच नाही. दोनच सूत्रांनंतर (४.१.१५) मर्यादा येते, 'अनारब्धकार्ये एव', म्हणजे ज्यांचं फळ सुरू झालेलं नाही तीच कर्मं. गीतेतल्या 'ज्ञानाग्निः सर्वकर्माणि' (४.३७) मधल्या 'सर्व'चा हवाला नेहमी दिला जातो, पण शंकराचार्यांचं भाष्य तिथेही प्रारब्ध वगळतं.

प्रतिसाद २ : शिवाय वेदान्तात संचित जाळतं ते ज्ञान. थोडी साधना झाली की तेवढं संचित जळालं, असा हिशेब त्यात बसत नाही. टप्प्याटप्प्यानं बोलायचं तर पतंजलीच्या योगसूत्रांची भाषा सोयीची. कर्माशयाचं (कर्मांच्या साठ्याचं) मूळ क्लेशांत, म्हणजे अविद्या, राग, द्वेष वगैरे मनाच्या दोषांत (२.१२), मूळ आहे तोवर जाती (म्हणजे जन्म), आयुष्य आणि भोग हा विपाक, म्हणजे फळ (२.१३). तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान या क्रियायोगानं क्लेश 'तनू' म्हणजे क्षीण होतात, अशा क्षीण झालेल्या क्लेशांच्या स्थूल वृत्ती ध्यानानं जातात (२.११). यात मराठी वाचक हमखास फसतो तो 'राग' या शब्दाशी. इथे राग म्हणजे संताप नव्हे, सुखामागून येणारी आसक्ती (२.७). संताप आवरला म्हणजे राग गेला, असं धरून चालणाऱ्याची आसक्ती तशीच राहते आणि नवं कर्म साठतच जातं.

प्रश्नकर्ता : मग 'साधनेनं प्रारब्ध सौम्य होतं' हे तरी चालेल?

प्रतिसाद ३ : वेदान्ताच्या नावावर नको. त्याच्या जवळ जाणारा विचार बौद्धांच्या पाली वाङ्मयात, अंगुत्तर निकायातल्या लोणफल सुत्तात आहे. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पिववत नाही, तोच गंगेत टाकला तर चवही लागत नाही. शील, चित्त, प्रज्ञा विकसित झालेल्याला तेवढ्याच क्षुल्लक पापाचं फळ याच जन्मात, नावापुरतं मिळतं. कर्म तेवढंच, म्हणून 'विपाक सौम्य होतो' म्हणा.

प्रतिसाद ४ : शब्दशः 'बदल' हवा असेल तर तो जैन कर्मग्रंथांत आहे, आणि वर कुणी त्याचं नावही घेतलं नाही! संक्रमण म्हणजे एका उपप्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर, उदा. असातावेदनीयाचं (दुःख देणाऱ्या कर्माचं) सातावेदनीय (सुख देणारं) होणं. अपकर्षणानं कर्माची मुदत (स्थिती) आणि तीव्रता (अनुभाग) घटते, उत्कर्षणानं वाढते. उदीरणा म्हणजे वेळेआधी उदयाला (फळाला) आणणं. मात्र ज्ञानावरणीय (ज्ञान झाकणारं), वेदनीय वगैरे आठ मूळ प्रकृती, म्हणजे कर्माचे मुख्य प्रकार, एकमेकींत बदलत नाहीत, चार आयुकर्मांचीही (आयुष्य ठरवणाऱ्या कर्मांचीही) आपसांत अदलाबदल नाही. 'निकाचित' म्हणजे घट्ट बांधलेल्या कर्माला तर संक्रमण, अपकर्षण, उत्कर्षण, उदीरणा यांतलं काहीच लागू होत नाही.