नवा राउटर जोडला, वायफाय दिसते, पण इंटरनेट येत नाही

प्रश्न – विश्रामबागकर

आमचे सांगलीतील घर जुन्या बांधणीचे, लांबट आणि दीड फूट जाडीच्या भिंतींचे आहे. फायबरची जोडणी पुढच्या खोलीत असून तिथे कंपनीने बसवलेला ओएनटी (फायबर जिथे येऊन जुळते तो डबा) स्वतःच वायफाय देतो, मात्र त्याचा सिग्नल स्वयंपाकघराच्या पलीकडे पोहोचत नाही. म्हणून मागच्या खोलीसाठी, खोक्यावर ‘एसी १२००’ असे छापलेला नवा राउटर आणला. इलेक्ट्रिशियनने भिंतीतून पूर्वीच ओढून ठेवलेल्या लॅन वायरचे एक टोक ओएनटीच्या लॅन पोर्टमध्ये (घरातील उपकरणांसाठीचे) आणि दुसरे राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेट आत घेण्याचे) लावले आहे.

राउटरचे वायफाय मोबाइलवर दिसते, पासवर्डही स्वीकारला जातो, पण खाली ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. सेटिंग सुरू करताना राउटर पीपीपीओईचे, म्हणजे कंपनीकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे, युजरनेम व पासवर्ड विचारतो आणि कंपनीचा कर्मचारी म्हणतो की ही माहिती ग्राहकाला दिली जात नाही. दोन्ही उपकरणांच्या पत्रकांत नेटवर्कवरील (आयपी) पत्ता मात्र १९२.१६८.१.१ असाच आहे. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे. राउटर सदोष समजून परत करावा का?

उत्तर – जुना_नेटवर्कवाला

परत करण्याची घाई करू नये. तुमच्या प्रश्नातील शेवटून तिसऱ्या वाक्यातच बहुधा उत्तर आहे.

तुमचा ओएनटी फायबरमधील प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करतोच, शिवाय कंपनीकडे पीपीपीओईने लॉगिन करून घरातील उपकरणांना पत्ते वाटण्याचे, म्हणजे राउटरचे कामही तोच करतो. त्यामुळे नव्या राउटरला ते युजरनेम लागतच नाही. तिथे पीपीपीओईऐवजी ‘डायनॅमिक आयपी’, म्हणजे समोरून आपोआप मिळणारा पत्ता, निवडायचे असते. पण तेवढ्यानेही भागेलच असे नाही. ओएनटी नव्या राउटरच्या वॅन बाजूला १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता देणार आणि राउटर आपल्या लॅन बाजूलाही त्याच मालिकेतील पत्ते वाटणार. दोन्ही बाजूंना एकच मालिका असली की आलेली माहिती कोणत्या बाजूला पाठवायची हे राउटरला ठरवता येत नाही. काही राउटर हा संघर्ष ओळखून स्वतःचा पत्ता आपोआप बदलतात, काही बदलत नाहीत.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा ठेवणे. इंटरनेट सुरू होईल, पण घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतील आणि पुढच्या वायफायवरील मोबाइलला मागच्या खोलीतील प्रिंटर सापडणार नाही. दुसरा म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये (माहिती फक्त पुढे सरकवण्यापुरता) टाकून राउटरचे सगळे काम नव्या राउटरकडे सोपवणे. त्यासाठी मात्र कंपनीचे सहकार्य, युजरनेम आणि काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही (कंपनीने जोडणीला दिलेला ओळखक्रमांक) लागतो, शिवाय पुढच्या खोलीतील वायफाय बहुधा बंद होते. तिसरा, आणि तुमच्या घरासाठी माझ्या मते योग्य, मार्ग म्हणजे नवा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये चालवणे. मग पत्ते केवळ ओएनटी वाटेल आणि नवा राउटर फक्त वायफाय पुरवील. मोड बदलण्यापूर्वी ओएनटीकडून आलेली वायर काढून ठेवा आणि मोबाइल किंवा लॅपटॉप थेट नव्या राउटरला जोडा, म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकल्यावर चुकीच्या डब्याचे सेटिंगचे पान उघडणार नाही. मोड बदलल्यानंतर राउटरला नवा पत्ता ओएनटीकडून मिळतो. तो ओएनटीच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसतो, तेवढा लिहून ठेवावा.

विश्रामबागकर

ॲक्सेस पॉइंट मोड लावताच इंटरनेट सुरू झाले, मनापासून आभार. आता दोन गोष्टी उरल्या आहेत. मागच्या खोलीत वेग ९४ एमबीपीएसच्या पुढे जात नाही, पुढच्या खोलीत मात्र जवळपास पूर्ण मिळतो. आणि जुना प्रिंटर नव्या वायफायला जोडलाच जात नाही.

उत्तर – क्रिंपिंग_टूल

९४ हा आकडा फार बोलका आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून माहितीच्या प्रत्येक तुकड्यावरील (पॅकेटवरील) आवरणाचा हिस्सा वजा जाता प्रत्यक्षात साधारण एवढाच वेग हाती येतो, म्हणजे तुमच्या मार्गातला कोणता तरी दुवा गिगाबिटवर (१००० एमबीपीएसवर) चालत नाही.

प्रथम राउटरचे पोर्ट पाहा. ‘एसी १२००’ ही संख्या वायफायच्या दोन पट्ट्यांवरील (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) कमाल सैद्धांतिक वेगांची, ३०० आणि ८६७ यांची, वर ओढलेली बेरीज आहे. पोर्टविषयी ती काहीच सांगत नाही आणि अशा अनेक स्वस्त राउटरांना १०० एमबीपीएसचेच पोर्ट असतात. माझ्या मते ही ग्राहकाची दिशाभूलच आहे. खोक्यावर १०/१०० लिहिले असेल तर वायर बदलून उपयोग नाही.

पोर्ट गिगाबिट असतील तर वायरकडे वळा. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. घरगुती वायरिंगमध्ये तारांच्या दोनच जोड्या क्रिंप करून (कनेक्टरमध्ये दाबून बसवून) उरलेल्या सोडून दिलेल्या, किंवा इंटरकॉमसाठी वापरलेल्या, नेहमी आढळतात. या उरलेल्या तारांपैकी एखादी सैल असली तरी जोडणी बहुधा तुटत नाही, निमूटपणे १०० वर उतरते, म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. दोन्ही टोके केबल टेस्टरवर तपासून घ्यावीत आणि आठही तारा एकाच क्रमाने नव्याने क्रिंप कराव्यात. वायर कॅट ५ई (गिगाबिटला पुरेशा दर्जाची) असेल तर भिंत फोडण्याची गरज नाही.

उत्तर – जुना_नेटवर्कवाला

प्रिंटरबाबत सांगायचे तर जुने प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए३ सुरक्षा त्यांना समजत नाही. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, २.४ वर सुरक्षा डब्ल्यूपीए२ ठेवावी, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारच्या वायफायशी कमीत कमी भिडणारे निवडावे. ५ गिगाहर्ट्झवर शक्यतो ३६ ते ४८ मधील चॅनेल घ्यावे. ५२ ते १४४ या चॅनेलांवर राउटरला आधी रडारचा संकेत नाही ना हे किमान एक मिनिट ऐकावे लागते, त्यामुळे वीज जाऊन आल्यावर ते वायफाय उशिरा दिसते आणि लोक विनाकारण रीसेटचे बटण दाबून सगळी सेटिंग घालवून बसतात.

डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने पासवर्डशिवाय जोडण्याची सोय) बंद करावे आणि राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्डही याच वेळी बदलून टाकावा.

विश्रामबागकर

प्रिंटर जोडला गेला. खोक्यावर गिगाबिट पोर्ट असल्याचे लिहिलेले आहे, आणि वायरचे मागच्या खोलीतील टोक उघडून पाहिले तर तपकिरी व निळ्या जोड्या कनेक्टरमध्ये घातलेल्याच नाहीत. इलेक्ट्रिशियनला रविवारी टेस्टर घेऊन बोलावले आहे.