मदत हवी आहे: स्टर्बाय कोरीची अंडी पांढरी पडतात

नमस्कार मंडळी. स्टर्बाय कोरीडोरासचा (म्हणजे 'कोरी', तळाशी राहणारा छोटा कॅटफिश) छोटा कळप पाळलाय. दोन फुटी टाकी, तळाला बारीक वाळू, तापमान २६ अंश. थोडं गार पाणी घालून बदललं की अंडी घालतात. मादी पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरून काचेवर चढते, जागा तोंडाने चाचपते आणि मग चिकटवते. बघत बसावं असं.

अडचण पुढे आहे. दुसऱ्या दिवशी बरीचशी अंडी दुधाळ होतात, त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवरही पसरते. अंडी वेगळ्या डब्यात काढतो. एअरस्टोन, मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचे थेंब, देशी बदामाचं वाळकं पान, सगळं करून झालं.

आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० च्या वर. आरओचं (फिल्टरने क्षार काढलेलं) पाणी मिसळून १५० च्या आसपास आणतो. हे मासे मूळचे ग्वापोरे नदीच्या खोऱ्यातले, ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरचे, म्हणजे मऊ पाण्याचे. दुकानदार म्हणतो, "फार्मचे मासे आहेत हो, पाण्याचं काही नसतं." जगण्यापुरतं खरं असेल, अंड्यांचं मला पटत नाही.

तर दोष पाण्याचा की नर कमी पडतायत? वरून पाहिलं तर रुंद पोटाच्या माद्याच जास्त दिसतात. आरओ आणखी वाढवला तर केएच (पीएच स्थिर ठेवणारी कार्बोनेट क्षारता) शून्याला टेकून पीएच कोसळेल, ही धास्ती. ज्यांनी पिल्लं वाढवलीत त्यांनी आपला टीडीएस आणि केएच सांगा. आणि पिल्लांना पहिला घास मायक्रोवर्मचा (बारीक कृमी) की आर्टेमियाचा (खाऱ्या पाण्यातले इवले कोळंबीसारखे जीव)?