गाडी तापली की एसीचा क्लच सुटतो : कॉइल, रिले की वायरिंग? मदत हवी आहे

मंडळी,

पेट्रोल हॅचबॅक, 2014 ची. मुक्काम सोलापूर, त्यामुळे मे महिन्यात एसी ही चैन नव्हे. सकाळी एसी झकास चालतो. दुपारी गर्दीत अर्धा तास काढला की ब्लोअर चालू, पण हवा गरम. बॉनेट उघडून पाहिलं तर पुली फिरतेय, तिच्यापुढची क्लचची प्लेट मात्र ढिम्म. गाडी तासभर सावलीत लावली की ‘टक्’ करून क्लच पुन्हा धरतो.

गॅरेजवाल्याने आधी गॅस भरला. फरक शून्य. आता म्हणतो, कंप्रेसरच बदला. थंड असताना उत्तम चालणारा कंप्रेसर बाद कसा, हे काही पटत नाही.

फ्यूज ठीक आहे. एसीच्या रिलेच्या (क्लचला वीज देणारा स्विच) जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून पाहिला, तेच रडगाणं. कंडेन्सरचा पंखा क्लच सुटल्यावरही फिरत असतो, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर. क्लचची कॉइल (प्लेट ओढणाऱ्या चुंबकाची तार) थंड असताना 3.8 ओहम. क्लच सुटलेला असताना कनेक्टर काढून वायरवर मोजलं तर 13.7 व्होल्ट. मग वायरिंग निर्दोष समजायचं का?

प्रतिसाद १

एवढ्यात नको. कनेक्टर काढला की वायरमधून करंटच जात नाही, त्यामुळे रिलेच्या सॉकेटमधली पिन जळकी असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. क्लच 3-4 अँपिअर ओढतो, खरी परीक्षा तेव्हाच. कनेक्टर जोडलेला ठेवा, मागून बारीक टाचणी सरकवा आणि मोजा, काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला. 10-11 आले तर सॉकेट नाहीतर कनेक्टर. 13 च्या वर असतील तर कंप्रेसरची बॉडी ते बॅटरी मायनस मोजा, म्हणजे अर्थिंगचा निकाल लागेल. बेल्टपासून बाह्या आणि वायरी लांब ठेवा.

दोन्ही ठीक निघालं तर माझा संशय गॅपवर, म्हणजे प्लेट आणि पुलीमधल्या फटीवर. तांब्याची कॉइल 70 अंशांनी तापली की रेझिस्टन्स साधारण पाव पट वाढतो, त्यामुळे करंट घटतो आणि चुंबकाची ओढ कमी पडते. प्लेट घासून गॅप वाढलेला असेल तर थंड असताना कशीबशी ओढली जाते, गरम झाली की नाही. पंखा फिरतोय म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अजून एसी मागतोय, असं दिसतं. प्रेशर सेन्सरच्या मागे आत्ताच लागू नका.

धागाकर्ता

दुपारी क्लच सुटल्यावर मोजलं. कनेक्टर जोडून 13.4, अर्थिंगला 0.1 सुद्धा नाही. इंजिन बंद करून लगेच कॉइल पाहिली : 4.7 ओहम. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) 0.9 मिमीचा आरामात जातो. हा गॅप जास्त आहे ना? कमी कसा करायचा?

प्रतिसाद २

जास्तच. बहुतेक क्लचना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागतो. तुमच्या कंप्रेसरचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. समोरचा बोल्ट काढून प्लेट ओढली की शाफ्टवर पातळ शिम (चकत्या) दिसतील. एखादी कमी करून परत बसवा आणि तीन ठिकाणी गेज घाला. एसी बंद असताना प्लेट पुलीला कुठेही घासता कामा नये. गॅस काढावा लागत नाही. शिम उरलीच नसेल तर क्लचचा सेट वेगळा मिळतो, त्यासाठी अख्खा कंप्रेसर घेऊ नका. प्लेट काढलीच आहे तर पुली हाताने फिरवून बेअरिंगचा आवाजही ऐकून घ्या.