बार्साच्या खेळाडूंची नोंदणी दर वर्षी का अडकते? चूक नियमाची की क्लबची? (चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मधली फळी

ला लीगाच्या (स्पेनच्या अव्वल फुटबॉल लीगच्या) वेतनमर्यादेने बार्सिलोनाचं, म्हणजे बार्साचं, वाटोळं केलं, हे प्रत्येक ट्रान्सफर विंडोत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात) ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. 2013 पासून चालत आलेला हा हिशोब समजायला अवघड नाही. हंगामाचं अपेक्षित उत्पन्न धरायचं, त्यातून संघाबाहेरचे खर्च आणि त्या वर्षी फेडायचं कर्ज वजा करायचं. उरेल तेवढंच खेळाडू, प्रशिक्षक आणि अकादमीवर खर्च करायचं. हे सगळं आधी तपासलं जातं. हिशोबात न बसणाऱ्या खेळाडूचा करार झाला, फोटो निघाले, जर्सी विकल्या गेल्या, तरी त्याची नोंदणी होत नाही आणि तो मैदानात उतरत नाही.

बार्साची मर्यादा 2019-20 मध्ये 67.1 कोटी युरो होती. 2021-22 च्या सुरुवातीला ती 9.79 कोटींवर आली आणि मार्च 2022 मध्ये थेट उणे 14.4 कोटी झाली. करोनाने स्टेडियम रिकामं केलं हे खरं. पण ऑगस्ट 2021 मध्ये क्लबचे नवे अध्यक्ष लापोर्टांनी 135 कोटी युरोंचं कर्ज आणि उत्पन्नाच्या 103 टक्के पगार जाहीर केले. एवढा बोजा एका साथीत चढत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये आधीचे अध्यक्ष बार्तोमेऊंच्या मंडळाने पिके, टेर स्टेगन, डी यॉंग, लॉंग्ले या खेळाडूंचे करार वाढवून चालू वर्षाचे पगार पुढच्या वर्षांवर ढकलले. पुढे तेच अंगावर आले.

कॅम्प नोउ कट्टा

जुन्या मंडळाचा बचाव मला करायचाच नाही. पण खड्ड्यात पडलेल्याला वर यायची शिडीच मिळू नये, हा कुठला नियम? मर्यादा ओलांडलेल्या क्लबला 2021 मध्ये चार युरो वाचवल्यावर एकच युरो नव्या नोंदणीवर खर्चता येत होता. मेस्सी निम्म्या पगारावर राहायला तयार होता, करार ठरला होता, तरी 5 ऑगस्ट 2021 ला क्लबला 'जमत नाही' असं जाहीर करावं लागलं. नवे खेळाडू डिपाय आणि एरिक गार्सियाची नोंदणी झाली, ती पिकेने स्वतःचा पगार कापून घेतला म्हणून.

इंग्लंडमध्ये 2025-26 पर्यंतच्या नियमात तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा आणि तपासणी नंतर व्हायची. तिथल्या एव्हर्टन क्लबचे गुण कापले गेले, पण खेळाडू आधीच खेळून झाले होते. एकाच बाजारात दोन वजनकाटे असतील तर चांगला खेळाडू कुठे जाणार?

घसारा

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहतेय. कर्जाचा एकूण आकडा मर्यादेतून वजा होत नाही, त्या वर्षी परतफेडीचं किती येतं ते वजा होतं. म्हणून 2021 च्या उन्हाळ्यात गोल्डमन सॅक्सकडून 59.5 कोटींचं दीर्घ मुदतीचं कर्ज घेऊन अल्प मुदतीची देणी मिटवली, ते योग्यच होतं. कर्ज कमी झालं नाही, गळ्यावरची सुरी थोडी लांब गेली.

आता खरेदीचा हिशोब. 6 कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर आणला की फी कराराच्या वर्षांत वाटली जाते, म्हणजे दर वर्षी 1.2 कोटी लागते. पगार 1 कोटी धरा. म्हणजे वर्षाचा बोजा 2.2 कोटी, आणि 2021 च्या एकास चार या प्रमाणात त्याच्यासाठी 8.8 कोटी मोकळे करावे लागायचे. करार लांबवला की दर वर्षाचा आकडा बारीक होतो. इंग्लंडच्या चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये मुद्रिक या खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार दिला तो याच गणितातून. युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) नंतर ही विभागणी पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

विकतानाही असंच अडकायला होतं. 10 कोटींना पाच वर्षांसाठी घेतलेल्या खेळाडूची दोन वर्षांनी वहीत किंमत 6 कोटी उरते. 5 कोटींना विकलात तर हातात पैसे येतात, पण वहीत 1 कोटीचा तोटा. अकादमीतून आलेल्या पोराची वहीतली किंमत जवळपास शून्य, त्यामुळे त्याची विक्री म्हणजे जवळपास सगळा नफा. पैशाची तंगी आली की घरच्या पोरांवरच गदा येते ती यामुळे. मला या व्यवस्थेत सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मधली फळी

हे मान्य. पण शिडी नव्हती असं नाही. 2022 मध्ये टीव्ही हक्कांतला 25 टक्के वाटा 25 वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या गुंतवणूक कंपनीला विकला, बार्सा स्टुडिओज या क्लबच्याच व्हिडिओ-निर्मिती कंपनीचे दोन तुकडे प्रत्येकी 10 कोटींना विकले. मर्यादा 65.6 कोटींवर उडाली आणि लेवांडोव्हस्की, राफिन्या, कुंदे आले. पुढच्याच वर्षी ती 27 कोटींवर घसरली, कारण एकदाच येणारा पैसा एकदाच येतो आणि पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. स्टुडिओजच्या खरेदीदारांचे हप्ते तर वेळेवर आलेच नाहीत, आणि 2023-24 चा ताळेबंद त्यामुळे 9.1 कोटींच्या तोट्यात गेला.

कॅम्प नोउ कट्टा

पण विकायला भाग कोणी पाडलं? आज विकलं तर लगेच नोंदणी, हळूहळू खर्च कमी केला तर वाचलेल्यातला थोडाच भाग वापरायला. नियमच अशी बक्षिसं देत असेल तर कुठलंही मंडळ घरातली भांडीच विकेल. ओल्मो या खेळाडूचं बघा. ऑगस्ट 2024 मध्ये जर्मनीच्या लायप्झिगकडून आला आणि लीगचे पहिले सामने बाहेर बसला. संघातल्या क्रिस्टेन्सनच्या दीर्घ दुखापतीमुळे क्रिस्टेन्सनच्या पगाराच्या 80 टक्के जागा मोकळी झाली तेव्हा कुठे नोंदणी, तीही 31 डिसेंबरपर्यंतच. मग स्टेडियममधल्या व्हीआयपी बॉक्सचे हक्क 10 कोटींना विकले आणि शेवटी 8 जानेवारी 2025 ला स्पेनच्या क्रीडा परिषदेने तात्पुरता दिलासा दिला. एका खेळाडूचं काम एवढ्या दारांतून फिरतं.

डावा बॅक

चर्चा बार्साभोवतीच फिरतेय म्हणून लिहितोय. नियम आला तेव्हा स्पॅनिश क्लबांची कराची थकबाकी 60 कोटी युरोंच्या पुढे होती. जानेवारी 2013 मध्ये देपोर्तिवो ला कोरुन्या दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत गेलं. 2015 मध्ये एल्चे मैदानावर तेरावं येऊनही कर थकवल्यामुळे खालच्या विभागात ढकललं गेलं, आणि त्याच्याऐवजी खाली जाणारं एइबार वर राहिलं. 2014 मध्ये गेताफेच्या पेद्रो लेओनची नोंदणी याच मर्यादेपायी नाकारली गेली होती, तेव्हा एवढी चर्चा झाली नव्हती. छोट्या क्लबांकडे विकायला टीव्ही हक्क आणि स्टुडिओ नसतात. मर्यादा सैल केली तर पहिले तेच बुडतील.

कॅम्प नोउ कट्टा

मर्यादा काढा असं मी म्हणतच नाही. दोन दुरुस्त्या सुचवतो. 25 वर्षांचे हक्क विकले तर ते उत्पन्न 25 वर्षांत विभागूनच मोजावं, म्हणजे एका उन्हाळ्यात सगळं उधळता येणार नाही. आणि क्लबमधलाच खेळाडू कमी पगारावर थांबत असेल तर ती नवी नोंदणी न धरता बचत धरावी. मेस्सीचा करार 30 जूनला संपला आणि त्यानंतर त्याची नोंदणी नव्याने करावी लागणार होती. निम्मा पगार सोडायला तयार होऊनही त्याला काही फायदा झाला नाही, क्लबलाही नाही.

घसारा

पहिली दुरुस्ती मला मान्य. दुसरीत पळवाट आहे: आधी फुगवलेला करार द्यायचा आणि मग त्यात कपात दाखवून बचत मिळवायची. ती बंद करायची तर कपात जुन्या कराराशी नको, त्या जागेच्या बाजारभावाशी ताडून बघावी लागेल. आणि 2021 ला ही दुरुस्ती असती तरी भागलं नसतं. मेस्सीला पूर्ण वगळूनही पगार उत्पन्नाच्या 95 टक्के होते. युएफाने 2025-26 पासून लावलेली मर्यादा 70 टक्के आहे, आणि तीत पगाराबरोबर ट्रान्सफरचा वार्षिक बोजा आणि एजंटांची फीसुद्धा येते.